हौद्यातलं मत

आमच्या घरात माझं मत विचारायची पद्धत नाही. ही तक्रार नाही, माहिती आहे. मी सव्वीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवतोय, म्हणजे रंगसंगती हा माझ्या पोटापाण्याचा विषय. तरीही एकोणीस वर्षांपूर्वी बैठकीच्या खोलीला बदामी पडदे आले, ते मला कळलं कधी, तर शाळेतून येऊन त्यांच्यात गुरफटलो तेव्हा. "रंग कसा वाटतो?" हे तीन शब्द ऐकायला मी पडद्याच्या आतच थोडा वेळ थांबलो होतो. बायको म्हणाली, "सांभाळून, नवे आहेत."

तेव्हा पिकअप कंपनीचं पत्र आलं त्या दिवशी माझी छाती का फुगली, हे आता तुम्हाला कळेल.

त्याचं असं झालं. आमच्या शाळेच्या फाटकासमोर फरशीच्या दुकानाची एक पिकअप रोज उभी असते. चित्रकलेच्या वर्गातून ती समोरासमोर दिसते. तिचे दिवे नाकाला इतके खेटून बसवलेत आणि खालची जाळी अशी लोंबते की, दाढ ठणकत असलेला माणूस दवाखान्याबाहेर नंबर लागायची वाट बघत बसलाय असंच वाटावं. सहा वर्षं मी ते तोंड सहन केलं. सातव्या वर्षी कंपनीला चार पानी पत्र लिहिलं, सोबत तीन रेखाटनं जोडली आणि दिवे दोन बोटं बाजूला सरकवले तर गाडीची दाढ कशी बरी होईल ते दाखवून दिलं.

उत्तर आलं! कंपनी नवी पिकअप बाजारात आणणार होती. 'घराचीही आणि कामाचीही' अशी. त्याआधी ती काही निवडक नागरिकांना सात दिवस वापरायला देऊन त्यांचा अभिप्राय मागवणार होती. चौऱ्याऐंशी प्रश्नांचं पत्रक, स्वतःच्या हस्ताक्षरात, स्वानुभवातून भरायचं. आणि शेवटी छापलं होतं, 'आपलं मत आमच्यासाठी मोलाचं आहे.'

हे वाक्य मी घरात तीनदा मोठ्याने वाचलं. तिसऱ्यांदा बायको म्हणाली, "ऐकू येतंय. गाडी लावणार कुठे?"

गाडी शनिवारी सकाळी आली. रंग राखाडी, पण आत किंचित निळी झाक असलेला, पाऊस येण्याआधीच्या आभाळाचा. पुढे दोनच आसनं, एक चालवणाऱ्याचं आणि एक शेजारच्याचं, आणि मागे उघडा हौदा. गाडीबरोबर कंपनीचा एक तरुण आला होता. त्याचा टाय त्याच्यापेक्षा मोठा होता, म्हणून आम्ही त्याला टायवाला म्हणू लागलो. त्याने मला खुर्चीत बसवून सगळे नियम वाचून दाखवले, किल्ली पुढे केली आणि म्हणाला, "फक्त परवान्याची प्रत द्या, सर."

मी ऐटीत परवाना काढून दिला. त्याने तो उलटा केला, सुलटा केला, परत उलटा केला.

"सर, हा चार महिन्यांपूर्वी संपलाय."

आता माणसाच्या परवान्याचं असं आहे की तो खिशात असतो म्हणजे असतो. दूध उघडून वास घ्यावा तसा तो कोणी रोज काढून बघतं का? पण टायवाल्याला हे पटेना. नियम म्हणजे नियम. मी घामाघूम. तेवढ्यात बायको आतून आली, हात पुसत पुसत तिने आपला परवाना टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "हा चालेल?"

तो चालला. किल्ली माझ्या नाकासमोरून तिच्या तळहातावर गेली. टायवाल्याने मला धीर दिला, "काही हरकत नाही सर, अभिप्राय तुमचाच. परवाना नवा करून घ्या, मग तुम्हीही चालवा. अजून सात दिवस आहेत."

सात दिवस! मी मनात म्हटलं, सोमवारी परवाना, मंगळवारपासून मत. कशात काय अन् फाटक्यात पाय.

टायवाला फाटकाबाहेर पडतो न पडतो तोच आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी हजर झाले. हा गृहस्थ आवारात पडलेलं पानसुद्धा नोंद केल्याशिवाय उचलू देत नाही. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, हौद्यावर टकटक केलं आणि म्हणाले, "मालवाहू वाहन आवारात लावता येत नाही. नियम अकरा."

"ही घराचीही आहे," मी पत्र दाखवलं.

"'कामाचीही' असंही लिहिलंय."

"पण मत मागवायला दिलीय! माझं!"

"मत कुठेही मांडा. गाडी आत नाही."

दुपारी समितीची तातडीची बैठक झाली. या समितीला पाण्याच्या टाकीचं झाकण बदलायला दोन वर्षं लागली होती, पण माझी गाडी म्हटल्यावर सगळे जेवणं टाकून आले. दीड तास चर्चा होऊन ठराव झाला तो असा : हौदा रिकामा असेल तर सदर वाहन खाजगी मोटार समजावे, हौद्यात काहीही असेल तर मालवाहू समजावे. म्हणजे संध्याकाळी सहाच्या आत हौदा रिकामा करायचा. मी ठरावाला मान डोलावली, कारण माझ्याकडे हौद्यात टाकायला काही नव्हतंच.

माझ्याकडे नव्हतं. इतरांकडे होतं. हे माझ्या ध्यानात आलं नाही. पहिला आला तो खुद्द सेक्रेटरींचाच निरोप. त्यांचं जुनं लोखंडी कपाट त्यांच्या बहिणीकडे पोचवायचं होतं. "नाहीतरी तुम्हाला गाडीचा अनुभव घ्यायचाच आहे," ते म्हणाले.

आमच्या समोरच्या दारात एक निवृत्त यंत्रज्ञ राहतात. आयुष्यभर पंपाच्या कारखान्यात काम केलं, त्यामुळे जगातली प्रत्येक वस्तू हा त्यांच्या मते बिघडलेला पंप असतो. पुऱ्या इमारतीत त्यांना सर्वज्ञ म्हणतात. तोंडावरही म्हणतात, आणि ते ओ देतात. कपाट चढवताना ते खाली आले, बायको गाडी सुरू करतेय हे पाहिलं आणि सरळ पुढचं दार उघडून तिच्या शेजारी बसले.

"तुम्ही कुठे?" मी विचारलं.

"आवाज ऐकतो. इंजिनाचा आवाज कळणारा माणूस जवळ हवा. तुम्ही बसा मागे कपाटाला धरून, कोपऱ्यापर्यंतच तर जायचंय."

कोपऱ्यापर्यंत! बहीण राहते नदीपलीकडे. आम्ही तासभर गेलो. म्हणजे ते गेले. मी आणि कपाट नेले गेलो. कपाटाला निदान दोर बांधला होता. मला धरायला हौद्यात काहीच नव्हतं, म्हणून मी कपाटाला धरलं. प्रत्येक वळणावर आम्ही दोघं एकमेकांच्या अंगावर जात होतो आणि दर वेळी त्याचं दार उघडून माझ्या कपाळावर आपटत होतं. उतरल्यावर सर्वज्ञ प्रसन्न मुद्रेने म्हणाले, "लिहा. प्रश्न एकतीस, इंजिनाचा आवाज. थोडा घसा बसलाय. नळीचा व्यास वाढवायला हवा." मी कपाळावर रुमाल दाबून लिहिलं.

सोमवारी शाळेतून अर्धी रजा काढून मी परवान्याच्या कचेरीत गेलो. तीन नंबरच्या खिडकीने पाच नंबरला पाठवलं, पाच नंबरने फोटो बघून विचारलं, "मिशी कुठे गेली?" मिशी मी चौदा वर्षांपूर्वी काढली होती. त्याचा दाखला माझ्याकडे नव्हता. शेवटी मिशीचा प्रश्न माझ्या पिकलेल्या केसांकडे बघून सोडून देण्यात आला आणि मला डोळे तपासायला आतल्या खोलीत डॉक्टरांकडे पाठवलं.

इथे माझ्या आयुष्यातला सर्वात काळा प्रसंग घडला. काळा म्हणजे दिव्याच्या काजळीचा काळा, कोळशाचा नव्हे.

डॉक्टरांनी अक्षरं वाचून घेतली. वाचली. मग रंगीत गोळे असलेला एक तक्ता पुढे धरला आणि एका गोळ्यावर पट्टी ठेवून विचारलं, "हा कोणता रंग?"

मी चष्मा नीट केला. "शेंदरीकडे झुकलेला तांबडा. छपाई जुनी आहे, त्यामुळे थोडा विटकरी वाटतोय."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. "लाल की हिरवा?"

"अहो, नुसतं लाल कसं म्हणू? लाल हा वेगळा."

"बरं, हा?"

"शेवाळी. पण ह्यात पिवळा जास्त पडलाय. ज्याने मिसळला त्याचा हात घाईचा होता."

"आणि हा?"

"हा तर रंगच नाही, हा मळ आहे. तुम्ही तक्ता पुसत नाही का?"

दोन मिनिटांनी माझ्या हातात कागद आला. त्यावर लिहिलं होतं : 'रंग ओळखण्यात गोंधळ. फेरतपासणी पंधरा दिवसांनी.'

रंग ओळखण्यात गोंधळ! माझा! ज्याच्या हाताखालून सव्वीस वर्षांत हजारो पोरं गेली आणि त्यातल्या एकानेही पुन्हा आभाळ नुसतं निळं रंगवलं नाही, त्याचा! मी डॉक्टरांना म्हटलं, "मी चित्रकलेचा शिक्षक आहे." ते म्हणाले, "मग तर वाईटच." आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं.

घरी येऊन मी कागद कपाटात तळाशी लपवला. तो बायकोला संध्याकाळी सापडला. आमच्या घरात लपवलेली वस्तू सापडायला तेवढाच वेळ लागतो. तिने तो दोनदा वाचला आणि घडी घालून परत ठेवला. रात्री भाजी वाढताना तिने मला फक्त एवढंच विचारलं, "तुम्हाला ही कोणत्या रंगाची दिसतेय?" आणि हसू दाबत आत गेली. मी त्या दिवशी भाजी घेतली नाही.

असा माझा चालक होण्याचा मार्ग बंद झाला. म्हटलं, ठीक आहे, चालवणार नाही, पण शेजारी बसून तरी अनुभव घेईन. शेजारच्या आसनाविषयी पत्रकात चौदा प्रश्न होते. पण मंगळवारी सासूबाई आल्या.

सासूबाईंचे गुडघे हा आमच्या घराण्याचा सार्वजनिक विषय आहे. त्यांनी नव्या गाडीची बातमी ऐकली आणि मुलीला फोन केला, "मला त्यात बसवून एकदा डोळ्यांच्या डॉक्टरकडे ने, एकदा माझ्या मैत्रिणीकडे ने, आणि तुझ्या मावशीकडे ते शिवणयंत्र पडलंय तेही आण." गाडीची पायरी उंच. सासूबाईंचा पाय काही तिथवर पोचेना. मग घरातलं लाकडी स्टूल आणलं, त्यावर त्या चढल्या, तिथून आसनावर बसल्या आणि स्टूल मला दिलं. "जावईबापू, हे जपून न्या. उतरताना लागेल."

तर मंगळवारी हौद्यात मी आणि स्टूल. बुधवारी मी, स्टूल आणि शिवणयंत्र. गुरुवारी सर्वज्ञांच्या भाच्याचा पलंग आला, त्यात मी पलंगावर आडवा पडलो, कारण दुसरी जागा नव्हती; आणि आमच्या मुख्याध्यापिका चौकात उभ्या होत्या. त्यांनी मला पाहिलं. मी आडव्यानेच नमस्कार केला. शुक्रवारी शाळेत त्यांनी मला बाजूला घेऊन हळू आवाजात विचारलं, "सर, घरी सगळे बरे आहेत ना?"

गुरुवारीच परतताना वाहतूक पोलिसाने अडवलं. त्याने बायकोकडे कागद मागितले, ते बरोबर होते. मग तो मागे आला आणि माझ्याकडे बोट करून त्याने विचारलं, "हे काय आहे?"

'कोण' नाही, 'काय'.

बायको खिडकीतून म्हणाली, "माझे मिस्टर आहेत."

"हौद्यात माणूस बसवता येत नाही, बाई. हौदा मालासाठी असतो."

"पुढे आई आहे. तिचे गुडघे..."

सासूबाईंनी लगेच गुडघ्यांचा इतिहास सुरू केला. पोलिसाने तो उभ्याने ऐकला, कारण त्याच्या आईचेही गुडघे तसलेच निघाले. मग तो गाडीभोवती फिरला, पायरीला बूट लावून बघितला आणि म्हणाला, "पायरी खाली हवी होती. आणि आरसा लहान आहे. कंपनीला कळवा." मी हौद्यात पत्रक काढून लिहू लागलो. तो ओरडला, "तुम्ही आधी खाली उतरा!" मी उतरलो. त्या तिघी, म्हणजे बायको, सासूबाई आणि गाडी, निघून गेल्या. मी पुढच्या चौकापर्यंत चालत गेलो. तिथे त्या माझी वाट बघत थांबल्या होत्या. मी परत हौद्यात चढलो. दुसरं काय करणार? स्टूल माझ्या ताब्यात होतं.

शुक्रवारी अवकाळी सर आली. आम्ही सासूबाईंना त्यांच्या घरी पोचवत होतो. पुढच्या काचेवरचे दांडे झपझप फिरत होते आणि आत दोघी मायलेकी 'काच किती स्वच्छ होतेय' याचं कौतुक करत होत्या, हे मला मागच्या छोट्या काचेतून दिसत होतं. मागे मी चाकावरच्या फुगवट्यावर बसलो होतो, कारण हौद्यात बसण्यासारखी तेवढी एकच जागा. पाणी साचून घोट्यापर्यंत आलं. पाणी जायला भोक होतं, पण ते तळापासून चार बोटं वर! मी ते बोटांनी मोजलं. मोजता मोजता माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पावसाचं नव्हतं. सात दिवस संपत आले होते. आयुष्यात एकदा, फक्त एकदा, कुणीतरी मला लेखी विचारलं होतं की तुम्हाला काय वाटतं. आणि मला काय वाटतं ते वाटून घ्यायलासुद्धा जागा मिळाली नव्हती.

त्या संध्याकाळी पत्रक पूर्ण झालं. चौऱ्याऐंशी उत्तरं, सगळी माझ्या वळणदार अक्षरात. इंजिन, गिअर, नळ्या, सगळं सर्वज्ञांचं. पायरी आणि आसनाची गादी सासूबाईंची. आरसा पोलिसाचा. वळण, ब्रेक, दिवे बायकोचे. आणि खरं सांगायचं तर तिचीच मतं सगळ्यात मुद्देसूद होती. 'आवारातील सोय' या प्रश्नाला सेक्रेटरींनी नियम अकरा पूर्ण लिहायला लावला होता. पहिला प्रश्न होता, 'गाडीचा चेहरा पाहून तुमच्या मनात पहिली भावना कोणती येते?' निदान हा तरी माझा! पण मी लिहायला बसलो तेव्हा आठवलं की गाडीचा चेहरा मी शनिवारनंतर नीट पाहिलाच नाही. मी कायम पाठीमागे होतो. तिथे बायकोने सांगितलेलं लिहिलं : 'ही लावायची कुठे, ही भावना.'

शनिवारी सकाळी टायवाला गाडी आणि भरलेलं पत्रक घेऊन गेला आणि कंपनीने अभिप्राय देणाऱ्या सगळ्यांना दुपारी कंपनीच्या कार्यालयात बोलावलं. लांबलचक टेबल, प्रत्येकासमोर पाण्याची बाटली. आम्ही नऊ जण होतो. टोकाला गाडीच्या रचनेच्या प्रमुख बाई बसल्या होत्या. पिकलेले केस, जाड चष्मा, हातात पेन्सिल. त्या एकेकाला प्रश्न विचारत होत्या आणि लोक धडाधड बोलत होते. कुणाला कप ठेवायला जागा हवी होती, कुणाला फोन लावायला. एका गृहस्थाला दार बंद होतानाचा आवाज 'श्रीमंत' वाटत नव्हता. मी माझ्या पत्रकाची प्रत छातीशी धरून बसलो होतो.

"सर," बाई म्हणाल्या, "तुमचं पत्रक सगळ्यात सविस्तर आहे. नळीच्या व्यासापर्यंत लिहिलंय. मला एक सांगा, चढावर क्लच सोडताना तुमच्या पायाला काय जाणवलं?"

सर्वज्ञ हे सांगायचं विसरले होते. मी बाटली उघडली, पाणी प्यायलो, बाटली बंद केली. सगळे माझ्याकडे बघत होते. खोटं बोलायला हरकत नव्हती, पण खोटं बोलायलासुद्धा विषयाची थोडी ओळख लागते.

"बाई," मी म्हणालो, "मी गाडी चालवली नाही. एक इंचही नाही. पुढे बसलोही नाही. हे सगळं लोकांचं आहे, अक्षर तेवढं माझं. मी सातही दिवस मागे होतो."

"मागे म्हणजे?"

"हौद्यात."

टेबलाभोवती हसू फुटलं. 'श्रीमंत' आवाजवाला तर खोकेपर्यंत हसला. टायवाला आपल्या टायकडे बघत राहिला. मी उठायला लागलो. एवढं झाल्यावर बसायचं कशाला?

पण बाई हसल्या नव्हत्या. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "सात दिवस? थांबा, बसा. मग सांगा ना, तिथे काय वाटलं तुम्हाला?"

'तुम्हाला' म्हणाल्या. मी बसलो आणि बोलायला लागलो, ते कधी थांबलो मला आठवत नाही. पाणी जायचं भोक चार बोटं वर आहे, ते तळाला न्या. तळाच्या बोल्टांची डोकी वर आलीत, त्यांनी पलंगाचे पाय ओरबाडले आणि माझंही बरंच काही ओरबाडलं. मागे उघडणाऱ्या फाळक्याची कडी सैल आहे, प्रत्येक खड्ड्यात ती खणखणते, पण पुढे बसणाऱ्याला ते ऐकू येत नाही म्हणून कोणी सांगणार नाही. उन्हात कडेचा पत्रा इतका तापतो की हात लावता येत नाही. आणि हात लावावा तर लागतोच, कारण धरायला दुसरं काही नाही. दोर बांधायच्या खुंट्या बाहेरून आहेत, म्हणून ओझं बांधलं तरी आतल्या आत नाचतं. बाजूला आत एक कडं द्या. निदान एक. मी पत्रकाचं शेवटचं पान उलटून रेखाटन काढलं, दुसरं काढलं, कडं कसं असावं, हाताच्या मुठीत बसेल असं, कुठे असावं तेही.

बाईंनी रेखाटनं आपल्याकडे ओढून घेतली. "आम्ही चौऱ्याऐंशी प्रश्न काढले," त्या म्हणाल्या, "आणि हौद्यावर एकच विचारला, किती किलो मावतं. माल कधी बोलत नाही ना. आज पहिल्यांदा बोलला."

माल म्हटल्याचं मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

यानंतर कंपनीकडून आभारपत्र आलं. सुंदर, जाड कागदावर. ते बायकोच्या नावाने होतं, कारण परवान्याची प्रत तिची होती. सर्वज्ञांनी ते वाचून स्वतःचं अभिनंदन करून घेतलं. सेक्रेटरींनी ते सूचनाफलकावर लावलं आणि खाली लिहिलं, 'आपल्या सोसायटीच्या मतांचा गौरव.' मी फलकासमोरून मान खाली घालून जात असे. सांगणार कुणाला? उंटावरून शेळ्या हाकणारे सगळे उंटावर, आणि शेळी मी.

वर्षभराने नवी पिकअप बाजारात आली. रविवारी आम्ही दोघं बाहेर पडलो होतो, पडद्यांचं कापड बघायला, कारण बदामी पडदे आता धुतले की विरत होते. वाटेतच गाड्यांचं दालन लागलं. काचेआड ती उभी होती. मी नको नको म्हणत असताना बायको आत शिरली.

दिवे दोन बोटं बाजूला गेले होते. दाढ बरी झाली होती! पण मी थेट मागे गेलो. तळ सपाट, बोल्टांची डोकी आत बुडवलेली. भोक तळाला. आणि डाव्या बाजूला, चाकाच्या फुगवट्याजवळ, मुठीत बसेल असं एक कडं.

"हे कडं दोर ओवायला," विक्रेता सांगू लागला.

"दोर नव्हे," मी म्हणालो. "हे मी सुचवलंय."

"असं का? छान. सूचना असतील तर तिकडे काउंटरवर वही ठेवलीय, सर."

माझे कान तापले. मागे वळून बघतो तर बायको दिसेना. ती हौद्यात चढली होती. विक्रेता "मॅडम, मॅडम" करत होता आणि ही साडी आवरून चाकाच्या फुगवट्यावर जाऊन बसली होती. तिने कडं धरलं. मग हात सोडून बघितलं, अंग पुढे-मागे हलवलं, आणि परत घट्ट धरलं.

"इथे बसत होता तुम्ही?" तिने विचारलं.

"सात दिवस."

"धरायला काही नव्हतं?"

"कपाट होतं. एक दिवस."

तिने फुगवट्यावरून हात फिरवला. "सांगायचं नाही का हो?"

"कुणाला?"

उतरताना तिने माझा हात धरला आणि रस्ता ओलांडेपर्यंत सोडला नाही, जे आमच्यात सहसा होत नाही.

कापडाच्या दुकानात दुकानदाराने तागे काढून ठेवले. मी नेहमीप्रमाणे दाराजवळच्या खुर्चीत पिशवी घेऊन बसलो.

"अहो, इकडे या. कोणता घ्यायचा?"

मी मागे वळून पाहिलं. माझ्यामागे कोणी नव्हतं.

"तुम्हालाच विचारतेय. रंग कोणता?"

एकोणीस, आता वीस वर्षं मी या प्रश्नाची तयारी केली होती. आयत्या वेळी डॉक्टरांचा तक्ता डोळ्यांसमोर आला. मी घाबरत म्हणालो, "हिरवा."

"हिरवा काय?" बायको वैतागून म्हणाली. "शेवाळी, पोपटी, की पिवळा जास्त पडलेला? नीट सांगा ना, तुम्हाला कळतं त्यातलं."

मी सांगायला सुरुवात केली. तिने दुकानातलं स्टूल ओढलं आणि त्यावर बसून ऐकलं. दुकानदाराने दोनदा घड्याळ पाहिलं, एकदा अर्धं शटर ओढलं, तरी ती उठली नाही. पाऊण तास मी बोललो.

पडदे शेवटी बदामीच आणले. पण शिवून घरी आल्यावर ते लावायच्या आधी तिने एक पडदा खिडकीशी धरला आणि माझ्याकडे वळून विचारलं, "कसा वाटतो?"